सुकतीच्या वेळेला

मांडवी नदीत, जुन्या गोव्याच्या अगदी समोर, दिवाडी नावाचं बेट आहे. मधोमध टेकडी, टेकडीवर पिएदाद गावाचं पांढरं चर्च, आणि टेकडीच्या पायथ्यापासून थेट नदीपर्यंत सपाट, ओलीगच्च शेती. ही शेती आज जिथे आहे तिथे एके काळी खाडीचंच राज्य होतं. भरतीचं खारं पाणी दिवसातून दोनदा तिथे चढत होतं, उतरत होतं; चिखलात तिवरं आणि कांदळ वाढत होते. माणसांनी नदीच्या कडेने मातीचे बांध घातले, खारं पाणी बाहेर ठेवलं, वर्षानुवर्षं पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन काढली आणि मग तिच्यात भात पेरला. अशा जमिनीला गोव्यात खाजण म्हणतात. सगळ्या गोव्यात मिळून ती सुमारे १८ हजार हेक्टर भरते, आणि इतकी जुनी आहे की सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटांतही तिचे उल्लेख सापडतात.

हे बेट मी सप्टेंबरच्या अखेरीस विजेच्या सायकलीवरून पाहिलं, दिवाडीतच जन्मलेल्या एका तरुणाच्या मागोमाग. अशा फेऱ्या आता बेटावर निघतात. जुनी घरं, चर्च, पक्षी, नदीचा वारा, मधे कुठेतरी चहा, असं सगळं त्यात असतं. मला बांध पाहायचे होते.

त्याला कारण आहे. माझं आजोळ अलिबागच्या खारेपाटातलं. त्या घरात समुद्राबद्दल कुणी कौतुकाने बोलत नसे. समुद्र म्हणजे बांधापलीकडचं पाणी, आणि बांध म्हणजे वर्षभराचा तांदूळ. पुनव किंवा अवस जवळ आली, उधाणाची भरती यायची झाली, की आजोबांचं जेवणात लक्ष नसायचं. रात्री ‘खांड गेली’, म्हणजे बांध फुटला, अशी हाक आली की घरातले पुरुष घमेली, फावडी आणि पेंढ्याचे भारे घेऊन धावत सुटायचे आणि बायका मागून कंदील घेऊन जायच्या. एकदा पाणी आत शिरलं की त्या वर्षाचं भात तर जायचंच, पण जमिनीत बसलेला खार पुढचे दोन-तीन पावसाळे निघायचा नाही. याच खारेपाटात चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला आणि शेतं पडीक ठेवली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बांधावर माती कुळांनी टाकायची आणि पिकाचा मोठा वाटा खोताने न्यायचा, हे त्या माणसांनी नाकारलं. उपाशी राहून नाकारलं. त्या संपाच्या गोष्टी ऐकत मी वाढले. खाऱ्या जमिनीपाशी गेलं की तेव्हापासून माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: हा बांध कोण राखतो, आणि राखणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी माणसाला तिकीट नाही. बोटीत चार-दोन मोटारी, बऱ्याचशा स्कूटरी, दप्तरं घेतलेली मुलं, मासळीची टोपली पायाशी ठेवून उभी राहिलेली एक बाई. इंजीन धडधडलं, म्हणता म्हणता पलीकडचा उतार बोटीला टेकला आणि सगळे आपापल्या दिशेला पांगले.

आमचा वाटाड्या तिथे सायकली ओळीने लावून उभा होता. पंचविशीचा, काटक, कोकणी आणि मराठी एकमेकींत मिसळून बोलणारा. त्याने आधी नियम सांगितले. घरांच्या अंगणात शिरायचं नाही. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कुणी बसलेलं असेल तर विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. रस्त्यात गुरं असतील तर आपण थांबायचं, त्यांना हाकलायचं नाही. ‘लोक हांगा राहतात,’ तो म्हणाला, एवढंच. मला त्याच्याबद्दल तिथेच आदर वाटला. पाहुण्यांना खूश ठेवणं हे ज्याचं पोट आहे, त्याने पाहुण्यांना गावाची मर्यादा पहिल्याच वाक्यात सांगणं सोपं नसतं.

विजेची सायकल ज्यांनी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पायडलांच्या दांड्याजवळ एक सेन्सर असतो. पाय फिरतो आहे हे त्याला कळलं की चाकाच्या हबमधली मोटर जोर लावू लागते. पाय थांबला की तीही थांबते. किती जोर लावायचा ते हँडलवरच्या बटणाने ठरवता येतं. मूठ पिरगळून नुसती मोटरवर पळवायचीही सोय असते. वाटाड्या म्हणाला, ‘ती मूठ विसरा. पाय चालू दवरा.’ आपल्या कायद्यात मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला असेल तर अशा सायकलीला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखीही ती सायकलच आहे. मला ते योग्य वाटतं.

आमच्यात बेळगावचं एक जोडपं होतं. त्यातल्या काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि त्यांनी कॉलेजनंतर सायकलला हात लावला नव्हता. नवरा काळजीने सारखा मागे वळून पाहत होता. पहिल्या शंभर पावलांत त्यांचं हँडल जरा डुगडुगलं, मग स्थिर झालं, आणि मग त्या आमच्या पुढे निघून गेल्या.

सकाळच्या त्या सपाट रस्त्यावर समोरून पोदेर आला. सायकलीच्या मागे पावांची मोठी टोपली, तिच्यावर प्लॅस्टिक घट्ट बांधलेलं, हाताशी रबरी भोंगा. गोव्यातली कितीतरी घरं अजूनही त्या भोंग्याने उठतात. वाटाड्याने त्याला थांबवून गरम पोया घेतल्या आणि आमच्यात वाटल्या. मी त्याच्या सायकलीकडे पाहत राहिले. जाड नळ्यांची, जुनी, भक्कम. तिला मोटर नव्हती. ज्या चढासाठी आम्ही बटणं तपासत होतो, तोच चढ हा माणूस अख्खी टोपली घेऊन रोज चढतो. अशी सायकल आधी त्याच्याकडे यायला हवी होती, असं मला तिथे वाटलं आणि अजूनही वाटतं. नवं यंत्र आधी हौसेच्या माणसाकडे येतं आणि कामाच्या माणसापर्यंत पोचायला त्याला फार वर्षं लागतात. दिवाडीसारख्या बेटावर, जिथे अंतरं छोटी आणि ओझी मोठी, तिथे तरी हा क्रम उलटा व्हावा. दूधवाला, पोदेर, मासळी विकणारी बाई, शेतात खताची गोणी नेणारा म्हातारा, यांच्या पायाखाली ती मोटर यावी.

पिएदादचा चढ तसा लांब नाही, पण नागमोडी आहे आणि मधे दम घ्यायला सपाटी नाही. मी जोर एका पायरीने वाढवला. पाठीला कुणी तळहात लावावा तसं वाटलं. ढकललं नाही, पण मागे घसरूही दिलं नाही. काकी माझ्यासमोर चढत होत्या. शेवटच्या वळणावर त्या पायडलावर उभ्या राहिल्या. वर पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, चेहरा लालबुंद झाला होता, आणि नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली ती त्यांनी हातानेच थांबवली. आधी त्यांना मागे वळून तो चढ पाहायचा होता. ती धाप त्यांची स्वतःची होती. गाडीतून वर आल्या असत्या तर टेकडी त्यांना फक्त दिसली असती.

टेकडीवरचं नोस्सा सिन्योरा द पिएदादचं चर्च अठराव्या शतकाच्या आरंभीचं. त्याचा आराखडा आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूचा मानतात. बाहेरच्या ऊन-पावसाने करड्या झालेल्या पायऱ्या, आत उंच, हवेशीर, पांढरा गारवा. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या प्रार्थनाघराच्या छताला मात्र कदंबकाळातल्या देवळाचं दगडी कोरीवकाम अजून आहे. एकाच छपराखाली दोन काळ असे राहतात, आणि त्याबद्दल तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही.

चर्चच्या अंगणातून खाली सगळा पसारा दिसतो. नदीपलीकडे से कॅथेड्रल आणि सेंट ऑगस्टीनचा एकाकी उरलेला मनोरा. साथीच्या रोगांनी जुन्या गोव्याचं ते शहर उठू लागलं तेव्हा तिथली कितीतरी कुटुंबं नदी ओलांडून या बेटावर आली. आणि अलीकडे, पायथ्याशी, खाजणं. भात पोटरीत आलेलं. हिरव्या रंगाच्या किती छटा असतात ते अशा वेळी वरून पाहावं. त्या हिरव्यात एक मोठा तुकडा मात्र आरशासारखा चकाकत होता. तिथे भात नव्हतं, बांधाच्या रेघाही नव्हत्या, नुसतं पाणी. सोबतच्यांनी त्याचे भराभर फोटो काढले, कारण त्यात आभाळ उतरलं होतं. मला त्याच्याकडे पाहवेना. तो खांड गेलेला तुकडा होता. वाटाड्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘ताई, तुम्ही शेतीवाल्या?’

पुढचा रस्ता उताराचा. खाली आल्यावर तो आम्हाला घाई करू लागला. एरवी प्रत्येक झाडाशी थांबणारा हा मुलगा आता सारखा घड्याळ बघत होता. सुकती लागायची वेळ झाली होती, म्हणजे ओहोटीची, आणि मानस उघडताना आम्ही तिथे असायला हवं होतं. आमच्या खारेपाटात जिला उघाडी म्हणतात, ती इथली मानस.

बांधावरची वाट एका वेळी एक सायकल जाईल एवढीच. डावीकडे नदी आणि तिवरांची रांग, उजवीकडे भात. तिवरं मुद्दाम राखलेली असतात, लाटेचा पहिला मार ती खातात. सायकलींना आवाज नव्हता म्हणून पक्षी उडत नव्हते. भातात बगळे, एका खुंटावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, तारेवर खंड्या, चिखलात वाकड्या चोचीचे कुदळे आपल्याच नादात. पायी चाललं तर हा बांध संपायला सगळी सकाळ जाईल. स्कूटरवर बसलं तर यातलं काही जागेवर राहणार नाही. या दोहोंमधला वेग या वाहनाने मिळतो, आणि मला त्याची थोरवी त्याच्या बॅटरीपेक्षा त्याच्या या वेगात वाटली.

मानस म्हणजे बांधात बसवलेली जांभ्या दगडाची चौकट आणि तिच्यात लाकडी दारं. आम्ही पोचलो तेव्हा दार बंद होतं. बाहेरून नदीचं पाणी त्याच्यावर रेलत होतं आणि त्या रेट्यानेच ते चौकटीत घट्ट बसलं होतं. ना कडी, ना कुलूप, ना माणूस. आत, दाराच्या मागे, एक खोल डोह, आणि डोहातून शेतांकडे गेलेले पाट. आम्ही सायकली बांधावर आडव्या ठेवल्या आणि बसलो. काही वेळ काहीच झालं नाही. मग चौकटीच्या दगडावरची ओली रेघ दिसू लागली, म्हणजे नदी उतरू लागली. दोन्ही बाजूंचं पाणी जवळजवळ सारखं झालं तेव्हा दाराच्या फटीतून आतलं पाणी पाझरायला लागलं. आणि मग दार बाहेरच्या बाजूला सरकलं. लाकूड दगडावर घासल्याचा आवाज आला आणि शेतात साचलेलं पावसाचं जास्तीचं पाणी नदीत धावू लागलं. भरती येईल तेव्हा नदी पुन्हा दाराला रेटा देईल आणि दार मिटेल. दिवसातून दोनदा, कितीएक शतकं.

हैदराबादहून आलेल्या दोन मुली आमच्याबरोबर होत्या, त्यांतल्या एकीने टाळ्या वाजवल्या. मला तो उत्साह अगदी बरोबर वाटला. ज्या नदीपासून शेत वाचवायचं, तिच्याच जोराने दार लावून घ्यायचं, हे ज्यांना सुचलं त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. पलीकडच्या काठावर व्हाइसरॉयची कमान आहे. मला विचाराल तर या बेटाच्या परिसरातलं सगळ्यात मोठं वास्तुशिल्प ही लाकडी फळी आहे.

दार आपोआप उघडतं म्हणून ते बिनमाणसांचं आहे असं मात्र नाही. वाटाड्या मानसेच्या कडेला उकिडवा बसून सांगत होता. खाऱ्या पाण्यात फळ्या कुजतात, त्या बदलाव्या लागतात. खेकडे बांधाला भोकं पाडतात. वेळीच चिखल भरला नाही तर बोटाएवढ्या भोकाची खांड होते. उन्हाळ्यात जमीन सुकली की शेतातूनच मातीचे गोळे कापायचे, पेंढा घालून बांधावर रचायचे, तुडवायचे. त्याचा खर्च कुठून यायचा? इथे त्याने डोहाकडे बोट केलं. डोहातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि मासळी सुकतीच्या पाण्याबरोबर बाहेर जाते, तेव्हा मानसेच्या तोंडाशी जाळं लावतात. ते जाळं लावायच्या हक्काचा लिलाव होतो, आणि त्या पैशातून बांध राखायचा, अशी जुनी रीत. दार, भात, मासळी आणि बांध ही सगळी एकमेकांना धरून. सायकलीच्या मोटरने काकींच्या पायात भर घातली, पण पाय थांबले असते तर तीही थांबली असती, खाजणाचंही तसंच. गावाचे पाय चालू असेपर्यंत ते यंत्र चालतं.

ही व्यवस्था गावकारी या संस्थेने सांभाळली. गावची जमीन गावाची, तिचा कारभार गावकारांचा, आणि बांधाची जबाबदारी सगळ्यांची. पोर्तुगीज आले तेव्हा ती इथे होतीच. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिच्या रीतिरिवाजांची नोंद केली, आणि पुढे ती कोमुनिदाद या नावाने ओळखली गेली. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यांना संरक्षण मिळालं आणि बांध राखण्याचं काम हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आलं. मी चरीच्या बाजूची आहे. कसणाऱ्याला हक्क मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे, आणि गावकारांच्या जुन्या कारभारात सगळ्यांना सारखी जागा होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण हक्क ज्या झपाट्याने बदलले त्या झपाट्याने कामाची सवय बदलली नाही. मुलं आखातात गेली, बोटीवर गेली, इंग्लंड-पोर्तुगालला गेली. भाताला भाव नाही आणि सुंगटांना आहे, म्हणून कुठे कुठे मानस मासळीसाठी मुद्दाम उघडी राहू लागली आणि शेतं खारावली. लोहखनिजाचे बार्ज मांडवीतून जाऊ लागले आणि त्यांच्या लाटांनी बांध चिरत गेले. यातलं एकच एक कारण धरून बसता येत नाही.

वरून चकाकताना दिसलेला तुकडा वाटाड्याच्या घराण्याच्या शेताला लागून होता. काही वर्षांपूर्वी त्यांच्याही शेतात पाणी शिरलं होतं. गावातल्या वीस-पंचवीस जणांनी मिळून आपल्या बाजूचा बांध बांधून काढला. शेजारच्या तुकड्याचे मालक परदेशात, कुणाची सही मिळाली, कुणाची मिळाली नाही, तो तसाच राहिला. आपल्या शेतात त्याच्या वडिलांनी पुन्हा कोरगुट पेरला. कोरगुट हे खाजणाचं जुनं भात, खार सोसणारं. आमच्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल’ नावाच्या जाती काढल्या त्याही याच कामासाठी. पण कोरगुट कुठल्या केंद्राने काढलेला नाही, तो शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बी निवडत घडवला आहे. मी बांधावरून खाली उतरून एक लोंबी हातात घेतली. दाणा अजून दुधात होता.

तिथून आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्व्याकडे निघालो. वाटेत कोकण रेल्वेचा भराव लागतो. गाड्या दिवाडीवरून जातात, दिवाडीला थांबत नाहीत. आम्ही खाली असताना एक गेली. खिडकीतल्या माणसांना हे बेट एखाद-दोन मिनिटांचं हिरवं असणार. गोलती आणि पिएदादच्या मधून जाताना वाटाड्याने बोंदेराचं सांगितलं. ऑगस्टमधल्या त्या सणाला वाड्यावाड्यांचे झेंडे निघतात आणि बांबूच्या नळ्यांतून, म्हणजे फोटाशांतून, हिरव्या तेफळांचा मारा होतो. एकेकाळी जमिनीच्या हद्दींवरून इथे खरीखुरी डोकी फुटत. ज्या जमिनीसाठी इतकं भांडण झालं ती आता कसायला माणूस मिळत नाही, हे सांगताना तो हसला नाही.

नार्वे ही सप्तकोटेश्वराची मूळ जागा. कदंब राजे या देवाचा प्रसाद मिळाल्याचं आपल्या नाण्यांवर अभिमानाने लिहीत. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी देऊळ मोडलं, त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडलं. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं आणि त्या काठालाही नार्वे हेच नाव राहिलं. शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथल्या देवळाच्या कामाला आरंभ झाला. तसा शिलालेख दारावर आहे. बेटावर आज कोटितीर्थाचं तळं उरलं आहे. मी त्याच्या पायरीवर बसले. देव ज्यांनी रात्री-अपरात्री नदीपार नेला असेल ती माणसं याच खाजणांतून, याच बांधांवरून, भरती-सुकतीचा हिशोब करत धक्क्याला गेली असणार. दुसरी वाटच नव्हती. फेरी संपल्यावर मी पलीकडच्या बोटीने जाऊन तो शिलालेख पाहून आले, आणि देवळापेक्षाही ‘आरंभ’ या गोष्टीची नोंद करावीशी वाटली हे मला फार आवडलं. काम पूर्ण झाल्याचे शिलालेख पुष्कळ असतात.

बेटाला रस्त्याचा पूल नाही. सायकली परत ठेवायला जाताना मी वाटाड्याला त्याबद्दल विचारलं. त्याला आधी बोलायचं नव्हतं. पाहुणे हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना ‘पूल नको’ हेच ऐकायचं असतं, असं तो म्हणाला. त्याच्या आजीला एका रात्री छातीत दुखू लागलं तेव्हा धक्क्यावर बोट येईपर्यंत ते सगळे तिचा हात धरून उभे होते. आणि पूल झाला तर याच खाजणांवर बंगले उभे राहतील, हेही त्याला दिसतं. पलीकडे जे झालं ते त्याने पाहिलं आहे. दोन्ही गोष्टी तो एका श्वासात बोलला आणि त्यांतली एकही त्याने खोटी पाडली नाही. मला वाटतं, हे बेट आहे तसंच राहावं अशी इच्छा करण्याचा हक्क एका सकाळीपुरत्या आलेल्या माणसाला नाही. खाजण मात्र खाजण राहायला हवं, हे मी ठामपणे म्हणेन, कारण ते एकदा गेलं की पैसे ओतून परत मिळत नाही. आणि ते राहायचं तर त्याच्यावर जगता यायला हवं. या मुलाची मिळकत आता सायकलींवर आहे, शेत वडिलांचं आहे. पण पाहुण्यांना मानस दाखवायची म्हणून तो सुकतीचं वेळापत्रक पाठ करतो, आणि मानस दाखवायची तर ती चालती हवी म्हणून गावच्या बैठकांना जातो. बेटावर येणारा पैसा या वाटेने बांधापर्यंत पोचत असेल तर तो यावा, आणखी यावा.

बॅटऱ्या काढून तो एकेक करून चार्जिंगला लावत होता. दुपारची मंडळी यायची होती. मी विचारलं, बांधाचं काम कधी निघतं? ‘शिगमो जाल्या उपरांत,’ तो म्हणाला, जमीन सुकली की. तारीख वडील आणि इतर शेतकरी मिळून ठरवतात, पुनवेचं उधाण टाळून. बाहेरचं माणूस आलं तर चालेल का, हे मी विचारल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. चिखल उचलता येतो का, त्याने विचारलं. मी आजोबांचं गाव सांगितलं. मग त्याने फोन काढून माझा नंबर लिहून घेतला आणि म्हणाला, ‘जुने कपडे हाडा. आणि जेवण आमच्याकडे.’